पाव आट्याचा फरक

मीरासाब मुल्लाणी लिलावाला गेले ते कपाट आणायला, आणि घेऊन आले मोटारसायकल. यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. दोष असलाच तर तो लिलाव पुकारणाऱ्याच्या मराठीचा होता, असं ते पुढं भेटेल त्याला सांगत असत.

मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं आणि मोटार म्हटली की ती महाराजांची, नाहीतर एखाद्या साहेबाची, हे शेंबडं पोरही ओळखत असे. मुल्लाणी हे नाव त्या यादीत कुठंच बसत नव्हतं. मीरासाब एका जुन्या छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसलं की दाढेत सुपारीचं खांड अडकावं तसं त्यांना व्हायचं. लग्नपत्रिकेत चूक सापडली तर पंगतीत भरल्या ताटावर नवऱ्यामुलाच्या बापाला ती सांगून मगच ते पहिला घास घेत. महाद्वार रोडवरच्या एका किराणा दुकानाची पाटी त्यांनी स्वतः शिडी लावून दुरुस्त केली होती. दुकानदार गावाला गेला होता म्हणून बरं. अशा माणसाला लोक हसतात, पण अशा माणसावाचून छापखाना चालत नाही, हेही खरं आहे.

तर एक गोरा इंजिनिअर कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. खैरूनबीनं, म्हणजे मीरासाबांच्या बायकोनं, कपाटाची मापं दोऱ्यावर गाठी मारून बरोबर दिली होती. कपाटाची पाळी यायच्या आधी मोटारसायकल आली. काळी, तेलकट, आणि शेजारी तिसऱ्या चाकावर बसवलेली एक वेताची खुर्ची. पुकारणाऱ्यानं घसा साफ केला आणि ही मोटारसायकल पूर्णपणे परिपूर्ण अवस्थेच्या स्थितीत आहे, असं जाहीर केलं. मीरासाबांनी डोळे मिटून घेतले. एका वाक्यात इतका कचरा त्यांनी छापखान्यातसुद्धा पाहिला नव्हता. त्यांनी पुष्कळ सहन केलं. पण त्या गृहस्थानं तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हटलं, तेव्हा दुरुस्ती सुचवण्यासाठी त्यांचं बोट आपोआप वर गेलं, आणि हातोडा खाली आला.

आपण बोली लावली नसून व्याकरण सांगत होतो, हे त्यांनी परोपरीनं समजावून पाहिलं. पण लिलावात बोटाला एकच अर्थ असतो.

बंगल्यावरच्या बटलरनं त्यांना यंत्र समजावून दिलं. इंजिनाच्या कुशीत पितळेची एक डबी होती. तीत पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण व्हायचं आणि ते पोटात जाऊन पेट घ्यायचं. या डबीला कार्बुरेटर म्हणतात, असं बटलर म्हणाला. उच्चार त्याचा कारबूट असा होता आणि मीरासाबांनी तो तिथल्या तिथं सुधारला. हँडलवर दोन बारक्या दांड्या होत्या. एक मिश्रण सोडायची, दुसरी हवेची. शिवाय डबीच्या बुडाशी एक इस्क्रू होता. तो आत पिळला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. सगळं दाखवून झाल्यावर बटलरनं कानाला हात लावला आणि म्हणाला, "साब, सब कुछ करो. ये इस्क्रू को हात मत लगाओ."

मीरासाब आयुष्यभर सायकलवरून कामाला जात होते आणि या गाडीला तर तीन चाकं होती, त्यामुळं ती घरापर्यंत आली. मंगळवार पेठेतली गल्लीच्या गल्ली बाहेर आली. खैरूनबी उंबऱ्यात उभी राहिली. तिनं गाडीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि दोऱ्यावरच्या गाठीत हे बसतं का, एवढंच विचारलं. मग वेताच्या खुर्चीत हात घालून ती म्हणाली की निदान दोन गोधड्या राहतील. आणि खरोखरच पुढले काही दिवस त्या खुर्चीत गोधड्या होत्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. माणसाच्या हातून मोटारसायकल घेतली जाते. त्याहून वाईट गोष्टीही घेतल्या जातात. पण मीरासाबांना एक गोष्ट खुपायला लागली. यंत्र फट फट फट फट असं चालायचं आणि मध्येच एक फट गाळायचं. पुन्हा चार फट नीट, पुन्हा एक गाळलेलं. दुसऱ्या कुणाला ते ऐकूही आलं नसतं. मीरासाबांना मात्र ओळीतलं अक्षर सुटल्यासारखं वाटायचं. त्यांनी दोन दिवस तळमळत काढले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पेचकस घेऊन तो इस्क्रू फिरवला. फार नाही. पाव आटा, म्हणजे चतकोर फेरा.

गाडी बंद पडली.

इथून पुढं गल्लीनं या प्रकरणात लक्ष घातलं. गल्लीच्या तोंडाशी तालीम होती आणि तिथले जोतीराम वस्ताद हे कुठल्याही दुखण्यावर खुराकाचा इलाज सांगणारे गृहस्थ. त्यांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप टाकली आणि निदान केलं की अंगात रग हाय, पर खुराक कमी पडतुया. मीरासाबांनी इस्क्रू बाहेर काढून पेट्रोल वाढवलं. वस्तादांनी आपले पैलवान बोलावले, त्यांनी गाडी तालमीपासून पिंपळापर्यंत ढकलत नेली आणि पिंपळाशी ती पेटली. काळ्याकुट्ट धुराचा असा लोट निघाला की पैलवान आंघोळ करून आले होते ते पुन्हा आंघोळीला गेले. मग शेजारचे गणपतराव म्हणाले, एवढं चारल्यावर अपचन व्हायचंच, उपास घडवा. गणपतराव कचेरीतनं पेन्शनीत निघाले होते आणि त्यांचा सल्ला कमी शब्दांत व पूर्ण खात्रीचा असे. मीरासाबांनी इस्क्रू आत पिळला. आता गाडी उलटं शिंकायला लागली. पितळेच्या डबीतून ठॉ ठॉ असे आवाज आणि प्रत्येक आवाजाबरोबर जिभेएवढी ज्योत. पुन्हा वस्ताद म्हणाले खुराक. पुन्हा गणपतराव म्हणाले उपास. मीरासाब मध्ये बसून पाव आटा आत, पाव आटा बाहेर करत राहिले. पैलवानांना मात्र त्यात गोडी लागली. रोज सकाळी जोर-बैठका झाल्या की ते गाडी ढकलायला यायचे, आणि इतका चांगला मेहनतीचा प्रकार तालमीत नव्हता असं वस्तादांचं मत पडलं.

अडचण आली ती म्हशीमुळं. गणपतरावांची म्हैस भिंतीपलीकडं बांधलेली असायची. डबीतून ठॉ असा आवाज झाला की ती दूध चोरायची. कोल्हापुरात माणसाला जेवण नसलं तर चालेल, पण सकाळी समोर काढलेलं धारोष्ण दूध नसलं तर माणूस दिवसभर कुणाशी धड बोलत नाही. गणपतरावांनी तक्रारअर्ज लिहायला घेतला. पण ते भले गृहस्थ होते. शेजाऱ्याच्या पाठीमागं काही करायचं नाही म्हणून अर्जाचा कच्चा खर्डा घेऊन ते मीरासाबांकडंच आले आणि म्हणाले, जरा नजरेखालनं घाला, मला वेलांट्यांचा घोळ हाय.

मीरासाबांनी तो अर्ज वाचला. क्लेश हा शब्द पोटफोड्या ष घालून लिहिला होता. वाक्यं लांब होती आणि मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात लपला होता. पुढच्या घटकाभरात मीरासाबांनी तो अर्ज असा काही घासून-पुसून दिला की बस. म्हशीची अवस्था त्यांनी एका वाक्यात मांडली आणि ते वाक्य वाचून गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सदरहू यंत्राचा मालक बेजबाबदार आहे" इथं त्यांनी "नितांत" हा शब्द स्वतःहून घातला, कारण त्याशिवाय वाक्याला वजन येत नव्हतं.

अशा उत्तम मराठीतला अर्ज कचेरीत फारा दिवसांनी आला असावा. ताबडतोब बोलावणं आलं.

कचेरीत प्रश्न असा पडला की ही वस्तू वाहन की कारखाना. वाहन म्हणावं तर ते बहुतेक वेळ एकाच जागी उभं राहून धूर सोडत होतं. कारखाना म्हणावं तर त्याला चाकं होती. दोन कारकुनांची यावर दोन मतं होती आणि तिसरा जेवायला गेला होता. शेवटी वाहनाच्या बाजूनं कौल पडला. पण गाडीच्या परवान्याचा छापील नमुना टांगे आणि बैलगाड्यांसाठी केलेला होता आणि त्यात ओढणाऱ्या जनावराची जात लिहायची जागा होती. मीरासाबांनी सांगितलं की हे यंत्र आहे, स्वतःच्या बळावर चालतं. कारकुनानं शांतपणं विचारलं की स्वतःच्या बळावर चालताना ते कुणी पाहिलं आहे का. मीरासाब खोटं बोलत नसत. कारकुनानं थोडा विचार केला, टाक शाईत बुडवला आणि त्या जागेवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: पैलवान.

परवान्याच्या पक्क्या नकलेत 'पैलवान' दीर्घ ई घालून 'पैलवानी' झालं होतं, ते मीरासाबांनी दुरुस्त करून घेतलं. एवढाच काय तो त्यांचा विजय.

आता घरातली गोष्ट. रमजान तोंडावर आला होता. उन्हं कडक होती तेवढ्यात खैरूनबीनं ईदेच्या शेवया करायला घेतल्या. हातशेवया म्हणजे गंमत नव्हे. रवा भिजवून तिंबायचा, हातावर ओढत ओढत केसासारख्या तारा काढायच्या आणि बाजेवर पांढरं धोतर अंथरून त्यावर वाळत घालायच्या. शेजारच्या शालूबाई मदतीला होत्या. दोघींनी मिळून अंगणभर शेवया घातल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

मीरासाबांनी त्याच मुहूर्तावर इस्क्रू बाहेर काढला. वस्तादांचं मत पडलं होतं की आज खुराक सढळ द्यावा.

धूर बसला तेव्हा अंगणात बाज होती, बाजेवर धोतर होतं, धोतरावर शेवया होत्या, आणि सगळं मिळून एकाच रंगाचं होतं. खैरूनबी दारात आली. शालूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इथं मीरासाब दोन शब्द वाकून बोलले असते तर ही कथा इथंच संपली असती. पण मीरासाबांनी शेवयांची एक काडी उचलली, उन्हात धरून पाहिली आणि अत्यंत गंभीरपणानं म्हणाले, "काजळी दाट आहे. म्हणजे मिश्रण पाव आटा जास्त झालं."

खैरूनबी ओरडली नाही. ती आत गेली, ट्रंक भरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी मलकापूरला चालले. त्या इस्क्रूला सांगा शिरखुर्मा करायला."

गल्लीतून एक टांगा जात होता तो तिनं थांबवला आणि ती बैलगाड्यांच्या अड्ड्याकडं गेली. मलकापूर हे तिचं माहेर.

पहिले दोन दिवस मीरासाब आपलंच खरं धरून होते. तिसऱ्या दिवसापासून ते तालमीत जेवायला लागले. पैलवानांचं जेवण चांगलं असतं, पण ते पैलवानांसाठी असतं. एका बैठकीतल्या बदामांनी आणि तांबड्या रश्श्यानं छापखान्यातल्या माणसाचं पोट असं काही भरलं की मीरासाब कामावर दुपारभर डोळे मिटून बसले, आणि त्यांच्या हातून एका जाहिरातीत 'मोफत' या शब्दातला मो सुटला. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चुलीकडं पाहिलं. चूल थंड होती आणि तिच्यावर बरोबर मधोमध मांजर बसलं होतं. त्यांना एकाएकी फार एकटं वाटलं.

पण मनातलं मनात ठेवायचं तर ते गल्लीत राहून जमत नाही. गणपतरावांनी सहज विचारलं की वहिनींना आणायला कधी जाणार, टांगा सांगू काय. सहज विचारलं होतं, पण 'टांगा' हा शब्द मीरासाबांना झोंबला. त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं की रमजानचा चाँद दिसायच्या आत ते खैरूनबीला घरी आणतील, आणि आणतील ते याच मोटारसायकलवरून. बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. पण छापून झालेला मजकूर मागं घेता येत नाही.

रविवारी सकाळी पैलवानांनी गाडी पंचगंगेच्या पुलापर्यंत ढकलत नेली. पुलाच्या उताराला ती पेटली. फट फट फट, एक गाळून पुन्हा फट फट. केर्ली मागं पडली. रस्त्याकडेचे बैल बुजले, कोंबड्या उडाल्या, एका म्हातारबानं काठी उगारली. मीरासाबांच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात ते आयुष्यात पहिल्यांदाच कुठं काही चुकलं आहे का ते बघत नव्हते.

वाघबिळाची चढण लागली आणि इंजिन धापा टाकायला लागलं. त्यांनी हवेची दांडी ओढली. काही फरक पडेना. जोरानं ओढली. दांडीपासून डबीपर्यंत गेलेली तार कट्टकन तुटली आणि हवा कायमची बंद झाली. काळा धूर, दोन उचक्या, शांतता. मीरासाब उतरले, पेचकस काढला आणि उन्हात बसून इस्क्रू आत-बाहेर करायला लागले. सूर्य डोक्यावर आला तरी ते तेच करत होते.

मलकापूरला परतणारी एक बैलगाडी तिथून चालली होती. गाडीवान पिराजी. त्यानं बैल थांबवले, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पावणं, किल्ली लई दिली तरी घड्याळ चालत न्हाय. बांधा मागं. लाजू नका."

अशा रीतीनं मोटारसायकल दोन बैलांच्या मागं दोरीनं बांधून, हँडल धरून आणि बैलांची धूळ खात मीरासाब पुढं निघाले. त्याचंही काही नव्हतं. पण पिराजी गप्पिष्ट होता. वाटेत जो भेटेल तो विचारायचा आणि पिराजी गाडी थांबवून सगळं पहिल्यापासून सांगायचा. बांबवड्यात तर पाणवठ्यावरच्या बायका ऐकायला जमल्या. गोष्ट प्रत्येक थांब्याला थोडी वाढत होती. शेवटच्या आवृत्तीत बायको पळून गेली होती आणि नवरा वेडा झाला होता. मीरासाबांना त्यात पुष्कळ दुरुस्त्या सुचल्या, पण त्या कुणी मागितल्या नाहीत.

मलकापूर दिसायला लागलं तेव्हा रस्त्याला उतार होता. मीरासाबांनी पिराजीला विनवून दोरी सोडवली. मग टोपी नीट केली, तोंड पुसलं आणि गाडी उतारावर सोडून दिली.

त्यांचे सासरे बाबालाल यांचं कापडाचं दुकान उताराच्या पायथ्यालाच होतं. जावयाच्या फटफटीविषयी त्यांनी लेकीकडून बरंच ऐकलं होतं. ते बाहेर आले तर समोरून जावई वाऱ्यासारखा, आवाज नाही, धूर नाही, थेट दुकानासमोर येऊन थांबला. बाबालालच्या हातातला गज तसाच राहिला.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी ऐकलं हुतं लई बोंबलती म्हणून. ही तर मांजरावाणी आली की."

मीरासाबांनी नम्रपणानं मान खाली घातली. खैरूनबी आतून आली. तिनं नवऱ्याच्या तोंडावरची धूळ पाहिली. मग ती गाडीजवळ गेली आणि इंजिनावर तळहात टेकवला. इंजिन गार होतं. तिनं हात तसाच ठेवून त्यांच्याकडं एकदा बघितलं, मग बापाकडं वळून म्हणाली, "एवढ्या लांबनं आली, पर तापली न्हाय बगा. चांगलं यंत्र हाय."

कुणी आपली लाज अशी झाकावी आणि ती व्यक्ती आपल्यावर रुसलेली असावी, यासारखं अवघड काही नसतं. मीरासाब काही बोलणार, तेवढ्यात पिराजीची बैलगाडी उतरून आली. पिराजीनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की पावणं, दोरी सोडली ती तुमच्या खुर्चीतच राहिली का काय.

बाबालाल दुकानात गेले आणि पाठ फिरवून कापडाची ठाणं लावत बसले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

संध्याकाळी जेवताना मीरासाबांनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा ते पाणी प्यायले. आयुष्यभर त्यांनी लोकांना तुमचं इथं चुकलं असं सांगितलं होतं. आपलं सांगायचं तर वाक्य कसं सुरू करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांची छापील मराठी गळून पडली.

"शेवयांचं... चुकलं माजं, खैरून."

खैरूनबीनं भाकरी वाढली. "छापून द्या," ती म्हणाली. पण भाकरीवर तुपाची धार सोडली. ती पूर्वीइतकीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवून निघताना तिनं अट घातली. तिनं हात पुढं केला, मीरासाबांनी पेचकस त्या हातावर ठेवला आणि तिनं तो कमरेच्या बटव्यात टाकला. राहिला हवेचा प्रश्न. तुटलेल्या तारेचं टोक डबीतून बोटभर वर आलेलं होतं. ते वर ओढून धरलं तरच हवा आत जायची, सोडलं की बंद. मीरासाबांनी बाबालालकडून कापडाच्या ठाणाची एक किनार मागून घेतली, तारेच्या टोकाला बांधली आणि दुसरं टोक वेताच्या खुर्चीत बसलेल्या खैरूनबीच्या हातात दिलं. कधी किती ओढायचं ते मी सांगेन, असं त्यांनी बजावलं. बाजारातली माणसं ढकलायला लागली आणि गाडी पेटली.

त्यांनी सांगितलं असेलही. पण इंजिनाच्या आवाजात तिला ते कुठलं ऐकू येणार? तिला कळत होतं ते एवढंच की काळा धूर आला की तो आपल्या नव्या लुगड्यावर बसतो. धूर दिसला की ती किनार ओढायची. फार ओढलं तर पायापाशी ठॉ असा आवाज होऊन ज्योत निघायची. मग ती घाबरून सैल सोडायची. लुगडं काळं होऊ नये आणि पाय भाजू नयेत, या दोन गोष्टींच्या मध्ये कुठंतरी तिचा हात ठरला. मीरासाबांचे दोन्ही हात हँडलला गुंतलेले होते. त्यांना इस्क्रूला हात लावता येत नव्हता, तिला किनार सोडता येत नव्हती, आणि गाडी चालत होती.

बांबवडं गेलं. वाघबिळाच्या माथ्यावर येईपर्यंत मीरासाबांच्या ध्यानात आलं की बराच वेळ एकही फट गळलेलं नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं. ओळ स्वच्छ होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. खैरूनबीचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तिनं दातात धरला होता, आणि पुढं खाली पसरलेली सगळी सपाटी, ऊस, झाडं, दूरवरची नदी, हे ती डोळे मोठे करून बघत होती. तिनं दातातला पदर सोडून काहीतरी म्हटलं. त्यांना वाटलं थांबा म्हणते. त्यांनी वेग कमी केला. तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली आणि ओरडून पुन्हा सांगितलं. ती म्हणत होती, जरा जोरात.

गल्लीत ते शिरले तेव्हा दिवस कलायला आला होता. पैलवान लंगोट कसून तयार उभे होते, कारण अखेरच्या टप्प्याला आपली गरज पडेल असा सगळ्यांचा हिशेब होता. गाडी त्यांच्यासमोरून फट फट करत सरळ पुढं गेली आणि दारात उभी राहिली, आणि उभी राहूनही चालूच राहिली. गणपतराव बाहेर आले. शालूबाई आल्या. भिंतीपलीकडून म्हशीचा आवाज आला नाही. जोतीराम वस्तादांनी इंजिनाला कान लावला, मान डोलावली आणि मीरासाबांना शाबासकी द्यायला हात उचलला.

मीरासाबांनी छाती काढली. या क्षणासाठी त्यांनी फार सोसलं होतं.

"वहिनी," वस्तादांनी वाटेत हात थांबवून विचारलं, "हाकली कुणी?"

"मी," खैरूनबी किनार हातातून न सोडता म्हणाली. "ह्ये नुसतं शिंगं धरून बसलं हुतं."

गल्ली हसली. मीरासाबांच्या ओठांवर उत्तर आलं. शिंगं नव्हेत, त्याला हँडल म्हणतात. आणि हाकणं हे क्रियापद जनावराला लागतं. पण त्यांनी ते गिळलं. का गिळलं ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. ते गाडीवरून उतरले आणि तिला हात द्यायला खुर्चीकडं आले. ती उतरली नाही.

"सलमा कागलला हाय," ती म्हणाली. सलमा ही त्यांची लेक, दोन वर्षांपूर्वी तिकडं दिलेली. "तिकडचा रस्ता सपाट हाय म्हणत्यात."

"आत्ता? दिवस बुडेल की, खैरून."

"बत्ती हाय न्हवं?"

बत्ती होती. बत्ती पूर्णपणे परिपूर्ण नव्हती, पण होती. मीरासाबांनी गल्लीकडं पाहिलं, घराच्या कुलपाकडं पाहिलं, आणि पुन्हा गाडीवर चढले. शालूबाईंनी धावत घरात जाऊन नव्या शेवयांची एक पुरचुंडी आणून लेकीसाठी म्हणून खैरूनबीच्या मांडीवर ठेवली. खैरूनबीनं ती पदराखाली घट्ट झाकली आणि किनार हळूच ओढली.